पहिलं उड्डाण मुळापासून बघताना : अवकाश-मोहिमांचा नाद लागलेल्या नवख्यांसाठी

चांद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रावर टेकला आणि त्या दिवसापासून अनेकांना या विषयाची ओढ लागली. पण पुढे काय वाचायचं, काय बघायचं, हे कुणी सांगत नाही. बातम्यांमागे धावलं तर दर आठवड्याला एक ‘ऐतिहासिक’ घटना वाचायला मिळते आणि महिनाभरात काहीच लक्षात राहत नाही.

माझा सल्ला सरळ आहे. एक उड्डाण निवडा आणि ते पहिल्या घोषणेपासून उपग्रह कक्षेत स्थिरावेपर्यंत नीट बघा. दहा उड्डाणं वरवर बघण्यापेक्षा एका उड्डाणात जास्त शिकायला मिळतं. इतिहास आणि उद्योगातल्या घडामोडी त्यातूनच आपोआप उलगडत जातात.

पायरी १ : रॉकेट निवडा, उपग्रह नंतर

बातमीत उपग्रहाचं नाव मोठं असतं, प्रक्षेपकाचं लहान. तुम्ही उलटं करा. इस्रोचे नेहमीचे प्रक्षेपक चार : छोटा एसएसएलव्ही, सर्वांत जुना आणि सर्वाधिक उडालेला पीएसएलव्ही, क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाचा, टप्पा असलेला जीएसएलव्ही आणि सर्वांत ताकदवान एलव्हीएम-३. नावापुढचं अक्षरही बघा. ‘डी’ म्हणजे विकासाच्या काळातलं उड्डाण, तर पीएसएलव्हीचं ‘सी’, जीएसएलव्हीचं ‘एफ’ आणि एलव्हीएम-३ चं ‘एम’ म्हणजे नियमित मोहिमा.

सुरुवातीला पीएसएलव्ही घ्या. त्याच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, जुन्या उड्डाणांची चित्रणं सहज मिळतात आणि त्याची रचना एकदा समजली की बाकीचे प्रक्षेपक समजायला सोपे जातात.

पायरी २ : माहितीपुस्तिका वाचा

इस्रो मोहिमेआधी संकेतस्थळावर माहितीपुस्तिका टाकते. ती इंग्रजीत असते, पण चित्रं आणि तक्तेच जास्त असल्याने अडत नाही. नवखे लोक ही पुस्तिका उघडतच नाहीत, आणि खरा खजिना तिथेच असतो. तिच्यातले दोन तक्ते वहीत उतरवून घ्या : टप्प्यांचा आणि उड्डाणक्रमाचा.

टप्प्यांचा तक्ता पीएसएलव्हीचा घेऊ. उंची सुमारे ४४ मीटर, उड्डाणाच्या वेळचं वजन सुमारे ३२० टन. चार टप्पे : पहिला घन इंधनाचा, दुसरा द्रव, तिसरा पुन्हा घन, चौथा पुन्हा द्रव. पहिल्या टप्प्यात जवळपास १३९ टन घन इंधन असतं. एक्सएल प्रकारात बाजूला प्रत्येकी १२ टनांचे सहा बूस्टर लावतात. त्यातले चार जमिनीवर पेटतात आणि दोन हवेत, सुमारे २५ सेकंदांनी. आता शेवटचा आकडा बघा : एवढा सगळा पसारा ६०० किलोमीटरच्या ध्रुवीय, म्हणजे ध्रुवांवरून जाणाऱ्या, कक्षेत जेमतेम पावणेदोन टन नेऊन ठेवतो. ३२० टनांतले पावणेदोन टन! हे गुणोत्तर मनात बसलं की अवकाशातलं प्रत्येक किलो एवढं महाग का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

तक्ता बघताना प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. घन आणि द्रव आलटून पालटून का? उत्तर शोधायला गेलात की थेट इतिहासात शिरता. घन इंधनाचं तंत्र भारताने केरळातल्या थुंब्याच्या लहान अग्निबाणांपासून वाढवत आणलं होतं. दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन मात्र फ्रान्सच्या वायकिंग इंजिनातून आलं. त्याचा करार १९७४ चा. आपले अभियंते तिकडे काम करत शिकले आणि मग इंजिन इथे बनू लागलं. म्हणजे तक्त्यातल्या एकेका ओळीमागे दहा-वीस वर्षांची मेहनत आहे.

उड्डाणक्रमाच्या तक्त्यात सेकंद, उंची आणि वेग दिलेला असतो. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा दोन मिनिटांच्या आतच गळून पडतो. हवा विरळ झाली की उष्णतारोधक कवच, म्हणजे हीट शील्ड, उघडून वेगळं होतं. उंचीपेक्षा वेगाच्या रकान्याकडे जास्त लक्ष द्या. कक्षेत टिकायचं तर सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेग लागतो. ‘वर जाणं’ तुलनेने सोपं आहे, खरी कसोटी आडव्या वेगाची.

पायरी ३ : तारीख खरी कधी मानायची?

वर्तमानपत्रात ‘पुढच्या महिन्यात उड्डाण’ असं येतं, तेव्हा ते पेन्सिलीने लिहून ठेवा. विमानांना आणि जहाजांना धोक्याच्या क्षेत्राची सूचना निघाली की तारखेला वजन येतं. विमानांसाठीच्या सूचनेला जाणकार मंडळी ‘नोटॅम’ म्हणतात. तिच्यात समुद्रावरच्या चौकोनांचे अक्षांश-रेखांश असतात. ते नकाशावर मांडून बघाच. चौकोन पूर्वेकडे गेले तर उपग्रह बहुधा भूस्थिर कक्षेच्या (जिथून तो आकाशात एकाच जागी दिसतो) वाटेवरचा, दक्षिणेकडे गेले तर ध्रुवीय कक्षेचा.

दक्षिणेकडच्या चौकोनांत एक गंमत दिसेल. श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला जायचं तर वाटेत श्रीलंका येते. तिथल्या लोकांवर टप्पे पडू नयेत म्हणून रॉकेट आधी आग्नेयेकडे जातं आणि मग वळतं. या वळणात इंधन जातं आणि नेता येणारं वजन घटतं. लहानशा एसएसएलव्हीला हा भुर्दंड फार जड पडतो. म्हणूनच तामिळनाडूत कुलशेखरपट्टिनमला नवं प्रक्षेपणस्थळ उभं राहतंय. त्याची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ला झाली. तिथून दक्षिणेला मोकळा समुद्र आहे.

आणि तारीख ठरल्यावरही उड्डाण थांबू शकतं. गगनयानच्या चाचणी-उड्डाणाच्या वेळी, २१ ऑक्टोबर २०२३ ला, उलटी गणती शेवटच्या पाच सेकंदांवर येऊन थांबली. संगणकाला काहीतरी खटकलं आणि त्याने पुढे जाऊ दिलं नाही. दोष दूर करून त्याच दिवशी सकाळी दहाला उड्डाण झालं. चांद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलै २०१९ ला तासभर आधी थांबवलं आणि २२ तारखेला झालं. अशा वेळी ‘नाचक्की’ वगैरे मथळे वाचून हिरमुसू नका. थांबता येणं ही यंत्रणेची ताकद आहे. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, तेव्हा थांबायचं ते त्याआधीच.

पायरी ४ : थेट प्रसारण बघताना

इस्रोची अधिकृत वाहिनी लावा. शेजारी वही ठेवा आणि फोनवर स्टॉपवॉच सुरू करा. निवेदक काय म्हणतोय यापेक्षा नियंत्रण कक्षातून येणाऱ्या छोट्या घोषणा ऐका : टप्प्याची कामगिरी सामान्य, टप्पा विलग, पुढचा टप्पा पेटला. प्रत्येक घोषणेला वहीतल्या सेकंदांपुढे खूण करा. पडद्यावर दोन रेषा दिसतात, एक आखलेल्या मार्गाची आणि एक प्रत्यक्षाची. दुसरी रेष पहिलीवरून सरकली की काहीतरी बिनसलंय, हे निवेदनाआधी तुम्हाला कळतं. विक्रम लँडरच्या २०१९ च्या उतरणीत हेच झालं होतं. चंद्रापासून सुमारे २.१ किलोमीटरपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं, मग पडद्यावरचा ठिपका रेषेबाहेर गेला.

एलव्हीएम-३ चं उड्डाण असेल तर एक गोष्ट आवर्जून बघा. ६४० टनांचं हे रॉकेट जमिनीवरून उठतं ते फक्त बाजूच्या दोन एस-२०० बूस्टरांच्या जोरावर. मधला जाडजूड टप्पा त्या वेळी बंद असतो. त्याची दोन विकास इंजिनं पावणेदोन मिनिटांच्या पुढे, हवेतच पेटतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की मधलं इंजिन पेटलंच नाही!

फसलेल्या मोहिमांची प्रसारणं टाळू नका. मी तर म्हणेन, यशस्वी उड्डाण एकदा बघून झालं की दुसरं फसलेलंच बघा. जीएसएलव्ही-एफ१० घ्या, १२ ऑगस्ट २०२१. पहिले दोन टप्पे चोख चालले आणि मग क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही. चौकशीत निघालं की एका झडपेतल्या गळतीमुळे द्रव हायड्रोजनच्या टाकीत पुरेसा दाब राहिला नव्हता. किंवा पीएसएलव्ही-सी३९, ३१ ऑगस्ट २०१७. चारही टप्पे चालले, पण हीट शील्ड उघडलंच नाही. ते ओझं घेऊन जाताना वेग अपेक्षेपेक्षा कमी पडत गेला आणि उपग्रह शेवटी बंद कवचाच्या आतच सुटा झाला. १८ मे २०२५ च्या पीएसएलव्ही-सी६१ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या मोटरमधला दाब घसरला. हे बघितल्यावर ‘टप्पा विलग’ हे दोन शब्द ऐकताना टाळ्या का वाजतात ते नीट कळतं.

पायरी ५ : कक्षेचे आकडे वाचा

उपग्रह सुटा झाला म्हणजे मोहीम फत्ते, असं नसतं. कक्षा दोन आकड्यांनी सांगतात : पृथ्वीच्या सर्वांत जवळचा बिंदू म्हणजे उपभू आणि सर्वांत दूरचा म्हणजे अपभू.

एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ ला झालं. ३५६ किलोमीटरची वर्तुळाकार कक्षा हवी होती, मिळाली ३५६ गुणिले ७६. पहिला आकडा बरोबर, दुसऱ्याने घात केला. ७६ किलोमीटरवर एवढी हवा असते की तिच्यात शिरलेला उपग्रह एक फेरीही धड पुरी करत नाही. दुसरा टप्पा विलग होतानाच्या हादऱ्यांनी त्वरणमापकांची, म्हणजे वेगातला बदल मोजणाऱ्या उपकरणांची, नोंद बिघडली, संगणकाने ते बिघडले असं ठरवून पर्यायी मार्ग धरला आणि वेग थोडासा कमी पडला. शाळकरी मुलींनी बनवलेला ‘आझादीसॅट’ त्यावर होता, हे अजून मनाला लागतं. सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ ला, दुसरं उड्डाण यशस्वी झालं.

उलटही घडतं. श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण, २९ जानेवारी २०२५ चं जीएसएलव्ही-एफ१५. रॉकेटने काम चोख केलं, पण एनव्हीएस-०२ उपग्रहाला स्वतःचं इंजिन चालवून कक्षा उंचावता आली नाही. म्हणून उड्डाणानंतरचे दोन-तीन आठवडे बातमीचा माग सोडू नका.

पायरी ६ : डोक्यावरून जाणारं बघा

कागदावरची कक्षा डोळ्यांनी बघायची तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सर्वांत सोपं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला तिथेच होते. ‘हेवन्स अबव्ह’सारख्या संकेतस्थळावर आपलं गाव निवडलं की वेळ, दिशा आणि उंचीचा कोन मिळतो. कोन ४० अंशांच्या पुढचा असेल अशी फेरी निवडा. सूर्यास्तानंतरचा किंवा पहाटेचा तासभर योग्य : आपल्याकडे अंधार, वर मात्र अजून ऊन. स्थिर, न लुकलुकणारा ठिपका पश्चिमेच्या अंगाने वर चढतो आणि कधी कधी आकाशाच्या मध्यातच विरतो, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. पावसाळ्यात आपल्याकडे आशा धरू नका. ऑक्टोबर ते मे हा काळ चांगला. दुर्बीण नको, मोकळी गच्ची पुरते.

या माहितीचा उपयोग किती होतो ते २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राने पाहिलं. विदर्भ-खानदेशात आकाशातून जळते तुकडे सरकताना लोकांनी फोनवर टिपले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, वाटेल ते पसरलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपास गोळेही सापडले. कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या जाणकारांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितलं की हा चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटचा, फेब्रुवारी २०२१ च्या उड्डाणातला तिसरा टप्पा असावा. कक्षेचे आकडे सगळ्यांसाठी खुले असतात. ते वाचता आले की अफवेच्या वेळी आपण चार लोकांना शांतपणे खरं सांगू शकतो. अशी वस्तू सापडली तर मात्र हात लावू नका, पोलिसांना कळवा. टाक्यांमध्ये विषारी इंधनाचा अंश उरलेला असू शकतो.

पायरी ७ : इतिहास अपयशांच्या बाजूने वाचा

सनावळी पाठ करू नका. फसलेलं उड्डाण आणि त्यानंतरचं यशस्वी उड्डाण अशा जोड्या लावून वाचा. भारताचा पहिला उपग्रह-प्रक्षेपक एसएलव्ही-३ : १० ऑगस्ट १९७९ ला समुद्रात, १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत. एएसएलव्ही : १९८७ मध्ये बाजूचे बूस्टर संपल्यावर मधला टप्पा पेटला नाही, १९८८ मध्ये पुन्हा अपयश, मग १९९२ मध्ये जमलं. पीएसएलव्ही : २० सप्टेंबर १९९३ ला अपयश, १५ ऑक्टोबर १९९४ ला यश. प्रत्येक जोडीच्या मधल्या काळात काय बदललं, हे शोधणं म्हणजेच हा इतिहास.

यातली सर्वांत मोठी जोडी क्रायोजेनिक इंजिनाची. हायड्रोजन उणे २५३ अंशांवर द्रव होतो, ऑक्सिजन उणे १८३ वर. शेजारी-शेजारी एवढे थंड पदार्थ, आणि इंजिनात त्यांचीच आग. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या अवकाश संस्थेशी तंत्रज्ञानासह करार झाला. अमेरिकेने आक्षेप घेतला, निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला. तयार इंजिनं तेवढी मिळाली. मग स्वतः बनवायला घेतलं. १५ एप्रिल २०१० ला पहिलं भारतीय क्रायोजेनिक इंजिन उडालं आणि इंधनाचा पंप बंद पडला. ऑगस्ट २०१३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात गळती सापडली म्हणून उड्डाण थांबवावं लागलं. ५ जानेवारी २०१४ ला जीएसएलव्ही-डी५ यशस्वी झालं. करारापासून तेवीस वर्षं! पुढे ३० जुलै २०२५ ला याच प्रक्षेपकाने नासा आणि इस्रोचा संयुक्त निसार उपग्रह नेला. ज्या देशाने कधी निर्बंध लादले होते, त्याच्याच संस्थेचं कोट्यवधींचं रडार त्या क्रायोजेनिक टप्प्यावर विसंबून गेलं. या प्रवासाबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो.

मराठी वाचकांनी तीन नावं जरूर शोधून वाचावीत. थुंब्याची जागा निवडण्यात मोठा वाटा असलेले एकनाथ चिटणीस, घन इंधनाचं काम उभं करणारे आणि एसएलव्ही-३ च्या यशाच्या वेळी विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक असलेले वसंत गोवारीकर, आणि थुंब्याच्या सुरुवातीच्या अभियंत्यांपैकी प्रमोद काळे. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून अमेरिकी नायकी-अपाची अग्निबाण उडाला, ती सुरुवात. या तिघांच्या कामातून ती आपल्याला जवळून दिसते.

पायरी ८ : उद्योगाच्या बातम्या चाळताना

इथे सर्वांत जास्त गोंधळ असतो. तीन प्रश्न पुरतात. रॉकेट कक्षेत गेलं की नुसतं वर जाऊन खाली आलं? स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ ला उडालं, ८९.५ किलोमीटर गाठून समुद्रात पडलं. अग्निकुल या दुसऱ्या खासगी कंपनीचं ३० मे २०२४ चं उड्डाणही असंच चाचणीचं होतं. दोन्ही मोलाची, पण कक्षेत जाणं ही फार पुढची गोष्ट. दुसरा प्रश्न : किती वजन, आणि कुठल्या कक्षेत? भूस्थिर कक्षेच्या वाटेवरचे चार टन आणि पृथ्वीलगतचे चार टन यांची तुलना होत नाही. तिसरा : सामंजस्य करार झालाय, की यंत्र बनून चाचणीला उभं आहे?

आणि मोठ्या नावांपलीकडे बघा. विकास इंजिनं बनतात मुंबईत विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात. पीएसएलव्हीच्या घन मोटरांची आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने कित्येक वर्षं बनवली. अवकाश क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना मी हेच सांगतो की वेल्डिंग, धातुकाम, झडपा, सॉफ्टवेअर या सगळ्यांतून तिथे वाट जाते.

पायरी ९ : एकदा श्रीहरिकोट्याला जा

२०१९ पासून तिथे प्रेक्षकांसाठी खुली गॅलरी आहे. नोंदणी मोफत आणि ऑनलाइन; ती उड्डाणाच्या काही दिवस आधी उघडते आणि भराभर भरते. नोंदणीची सूचना आली की लगेच भरा आणि नोंदवलेलं ओळखपत्र मूळ स्वरूपात सोबत न्या. महाराष्ट्रातून रेल्वेने चेन्नई गाठा, तिथून लोकलने सुळ्ळुरुपेटा, मग रस्त्याने पुढे. टोपी, पाणी, खाऊ घ्या. ऊन कडक असतं. परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका, उड्डाण एक-दोन दिवस पुढे जाऊ शकतं. मुक्काम वाढवता येईल अशी सोय ठेवा, नाहीतर रॉकेट उडेल तेव्हा तुम्ही गाडीत असाल.

आधी उजेड दिसतो, आवाज मागाहून येतो, दर किलोमीटरला जवळपास तीन सेकंदांनी. पहिला गडगडाट कधी पोचला ते मोजलंत तर प्रक्षेपणतळ किती लांब आहे, हे स्वतःच काढता येईल. ढग असतील तर अर्ध्या मिनिटात रॉकेट दिसेनासं होतं आणि बरीच गर्दी लगेच वाहनांकडे निघते. तुम्ही बसून राहा. ध्रुवीय कक्षेच्या मोहिमेत उपग्रह सुटायला पंधरा-वीस मिनिटं असतात आणि गॅलरीतल्या मोठ्या पडद्यांवर घोषणा चालू असतात. वही उघडा, हीट शील्ड विलग झाल्याची खूण करा, मग दुसरा टप्पा, तिसरा, चौथा, आणि शेवटी कक्षेचे दोन आकडे लिहून घेतल्याशिवाय उठू नका.